उपास आणि उपासमार : ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळाचे विवेचन, बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

१. प्रश्नाची मांडणी

उपास आणि उपासमार हे मराठीतले एकाच घरातले दोन शब्द. उपास आपण धरतो; उपासमार आपल्याला धरते. उपासात माणूस भरलेल्या डब्याकडे पाठ फिरवतो, उपासमारीत डबाच रिकामा असतो. पोट दोन्हीकडे सारखेच खपाटीला जाते, तरी एकाला आपण व्रत म्हणतो आणि दुसरीला आपत्ती.

बुलढाणा जिल्ह्याची या दोन्हींशी जुनी ओळख आहे. घाटाखाली शेगावला एकादशीचे उपास करणारे वारकरी येतात. घाटावर पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी दर्ग्याला होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. खामगाव, मलकापूरच्या मोहल्ल्यांत रमजानचे रोजे पाळले जातात. याच जिल्ह्याने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ सोसले आहेत. इथला ख्रिस्ती समाज संख्येने अगदी थोडा. पण त्याच्या इतिहासाचा एक धागा त्या दुष्काळांपर्यंत पोचतो, आणि त्याच्या धर्मपरंपरेत दरवर्षी ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपासकाळही येतो. म्हणून या काळाचा अर्थ तपासायला हा जिल्हा योग्य जागा आहे.

या विवेचनात चार प्रश्न घेतले आहेत. या काळाला काय म्हणतात आणि त्या शब्दांतून कोणता अर्थ निघतो? तो कसा मोजतात? तो कसा घडत गेला? आणि त्याचे पालन खरे ठरण्याची कसोटी कोणती? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत. चौथ्याचे उत्तर शोधताना वऱ्हाडच्या मातीत उतरावे लागते.

२. संज्ञाविचार

इंग्रजीतला ‘लेंट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या वसंताच्या नावावरून आला. त्याच्या मुळाशी दिवस लांबत जाण्याची कल्पना आहे. लॅटिन नाव ‘क्वाड्राजेसिमा’, म्हणजे चाळिसावा. त्यावरून पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ आणि त्यावरून गोव्याच्या कोकणीतले ‘करेजम’. एक नाव ऋतूवरून पडले, दुसरे संख्येवरून. काळाच्या हेतूविषयी दोन्ही गप्प आहेत.

मराठी नावे मात्र हेतू सांगतात. वसईच्या आणि एकूणच मराठी कॅथलिक वापरात ‘प्रायश्चित्तकाळ’ किंवा ‘उपवासकाळ’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘लेंट’ हाच शब्द पुष्कळदा तसाच चालतो. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द धर्मशास्त्रातून आलेला आहे. तिथे प्रत्येक पातकाला ठरलेले प्रायश्चित्त असते. ते केले की दोष फिटतो. हा अर्थ मनात ठेवून ख्रिस्ती काळाकडे पाहिले तर गैरसमज होतो. ख्रिस्ती शिकवणीनुसार पापाची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर चुकती केली आहे. चाळीस दिवस उपाशी राहून कोणी ती पुन्हा भरू शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. उपास हा फेडलेल्या कर्जाचा हप्ता होऊ शकत नाही. कर्ज फिटल्याचे कळल्यावर माणूस जसा वागू लागतो, त्या वागण्याशी त्याचे नाते आहे.

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोईया’, म्हणजे मन पालटणे. हिब्रू संदेष्टे जे क्रियापद वापरतात त्याचा अर्थ आणखी साधा आहे : मागे फिरणे, परत येणे. वाट चुकलेला माणूस मागे वळतो तसे. मराठी बायबलातला ‘पश्चात्ताप’ हा शब्द मनातली हळहळ नेमकी पकडतो, पण पायांनी वळण्याची क्रिया त्यात थोडी झाकली जाते. प्रायश्चित्तकाळात दोन्ही हवीत.

‘उपवास’ या शब्दाची फोड मोठी अर्थपूर्ण आहे. उप म्हणजे जवळ, वस् म्हणजे राहणे. जवळ राहणे हा त्याचा मूळ अर्थ. न खाणे हा नंतर जडलेला. परंपरेने हे जवळ राहणे देवाजवळचे मानले. ते माणसांजवळचेही आहे का, हा या लेखाचा खरा विषय आहे.

३. कालगणना

ईस्टर पाश्चात्त्य गणनेत २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढच्या रविवारी येतो. ही पौर्णिमा चर्चच्या ठरीव कोष्टकातली असते. आकाशातल्या पौर्णिमेपासून ती क्वचित एखादा दिवस पुढेमागे होते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कुठेही पडतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार असतो आणि तिथून हा काळ सुरू होतो. ४६ दिवसांतून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार उपासाचा नाही, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचे स्मरण असतो. शोकाच्या चाळीस दिवसांतही दर सातव्या दिवशी आनंदाला जागा राखलेली आहे.

चंद्रावर बांधलेली ही गणना आपल्या पंचांगाच्या शेजारून चालते. राखेचा बुधवार बहुधा अमावास्येनंतरच्या पाच-सहा दिवसांत येतो. कधी माघात, पुष्कळदा फाल्गुनात. २०२६ साली तो १८ फेब्रुवारीला, फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला आला. रमजानची चंद्रकोरही त्याच अमावास्येनंतरची, आणि तीन दिवस आधी महाशिवरात्रीचा उपास होऊन गेलेला. २०२४ साली ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. जिल्ह्यात एकीकडे सैलानीला नारळांची होळी होते, दुसरीकडे चर्चमध्ये लोक झावळ्या हातात घेऊन उभे राहतात, असे वर्ष अधूनमधून येतेच.

ऋतूचाही मेळ पाहण्यासारखा आहे. हे दिवस इथे पळस फुलण्याचे, हरभरा-गहू सोंगून घरात आणण्याचे, उन्हाचा पहिला चटका बसण्याचे. कापूस विकून झालेला असतो. पीककर्जाच्या भरण्यासाठी ३१ मार्च जवळ येत असतो. उपासाचे चाळीस दिवस आणि हिशेबाचे शेवटचे दिवस इथे एकत्र येतात. या योगायोगाकडे शेवटी परत यायचे आहे.

४. उगम आणि घडण

हा काळ एका दिवसात कोणी ठरवला नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचे बिशप इरेनेयस यांनी रोमचे बिशप व्हिक्टर यांना पत्र लिहिले, त्यात ईस्टरपूर्वीच्या उपासाबद्दल एकवाक्यता नसल्याचे दिसते. कोणी एक दिवस, कोणी दोन, कोणी जास्त; कोणी चाळीस तास सलग. मतभेद असले तरी शांती टिकवावी, असा इरेनेयस यांचा आग्रह होता.

३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेने आपल्या पाचव्या नियमात ‘चाळिसा’चा उल्लेख केला, तोही जाता जाता. प्रांतातल्या बिशपांच्या वर्षातून दोन सभा व्हाव्यात आणि त्यांतली एक चाळिसाआधी व्हावी, म्हणजे भांडणे मिटवून निर्मळ अर्पण करता येईल, असा त्याचा आशय. या काळाचा इतका जुना उल्लेख अन्नाशी नव्हे तर भांडण मिटवण्याशी जोडलेला आहे, हे लक्षात ठेवावे. ३३० सालच्या ईस्टरपत्रात आलेक्सांद्रियाचे अथानासियस चाळीस दिवसांच्या उपासाचा उपदेश करतात. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बहुतेक ठिकाणी रुजला.

रुजण्याचे एक व्यावहारिक कारण होते. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या आठवड्यांत होई. जेरुसलेमचे सिरिल यांनी अशा उमेदवारांपुढे दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. उमेदवार उपास करीत, मग त्यांच्या सोबतीला सगळी मंडळीही करू लागली. गंभीर पापामुळे दूर ठेवलेल्यांना याच काळाच्या शेवटी परत सामावून घेतले जाई. म्हणजे मुळातच हा एकट्याचा उपास नव्हता. नव्याने येणाऱ्यांच्या आणि परत येणाऱ्यांच्या सोबतीचा होता.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी वेगळा हिशेब मांडला : सहा आठवडे, प्रत्येकात सहा उपासाचे दिवस, एकूण ३६, वर्षाच्या दिवसांचा साधारण दशांश. पिकाचा दशांश देतात तसा काळाचा. पुढे चाळिसाची संख्या पुरी करायला चार दिवस आधी जोडले गेले आणि आरंभ बुधवारी आला. १०९१ साली बेनेव्हेंतोच्या सभेत पोप अर्बन दुसरे यांनी राख लावण्याची चाल सर्वांसाठी सांगितली.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. ज्या झावळ्यांनी येशूचे राजा म्हणून स्वागत केले त्यांचीच राख कपाळावर येते. आपल्याकडे अंगारा लावतात तो कृपेसाठी, रक्षणासाठी; धुळवडीला राख उडते ती खेळात. बुधवारची राख माणूस मातीतून आला आणि मातीत जाणार, एवढेच सांगते. ‘माती होणे’ हा प्रयोग ज्या भाषेत रोजचा आहे, तिला हा विधी समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत या काळाशी जुळणारे साहित्य जुने आहे. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ओवीबद्ध असल्याने ते मोठ्याने वाचायला आणि ऐकायला सोयीचे होते. त्याच शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांनी येशूच्या दुःखसहनावर आणि मरणावर स्वतंत्र पुराण रचले. ज्यांना पुराण ऐकून व्रत पाळायची सवय होती त्यांना या काळाची कथाही पुराणरूपातच मिळाली.

५. अर्थ : अरण्यातल्या तीन कसोट्या

चाळीस ही संख्या बायबलात वाट पाहण्याची आणि घडण्याची आहे. सिनाय पर्वतावर मोशे चाळीस दिवस, होरेबकडे निघालेला एलिया चाळीस दिवस, रानात इस्राएल चाळीस वर्षे. या सगळ्यांच्या मागोमाग येशूचे अरण्यातले चाळीस दिवस येतात आणि प्रायश्चित्तकाळ त्यांवरच उभा आहे.

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत तीन परीक्षा येतात. दगडाच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी मार आणि देव वाचवतो का ते दाखव. मला नमन कर, म्हणजे जगातली सारी राज्ये तुझी. पहिली परीक्षा भुकेची, दुसरी दिखाव्याची, तिसरी सत्तेची. तिन्ही येशूने नाकारल्या.

या कथेची मध्यवर्ती अडचण पहिल्या परीक्षेत आहे. भुकेल्याने भाकर करून खाल्ली तर त्यात पाप कोणते? कोणतेही नाही. मग नकार का? उत्तर पुढच्या प्रकरणांत सापडते. ज्याने स्वतःच्या भुकेसाठी दगडाची भाकर केली नाही त्यानेच पुढे माळरानावर बसलेल्या पाच हजारांना भाकरी वाढल्या. त्याही शून्यातून काढल्या नाहीत. कोणाजवळ होत्या त्या पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन, आभार मानून, मोडून, शिष्यांच्या हातून वाढल्या. अरण्यातला नकार आणि माळावरची पंगत ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. मध्ये येतो तो हात, जो आपल्या तोंडाकडे जाता जाता दुसऱ्याच्या ताटाकडे वळतो. प्रायश्चित्तकाळाचा सारा अर्थ त्या वळण्यात आहे.

६. तीन अंगे आणि त्यांचे परस्परसंबंध

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने दान, प्रार्थना आणि उपास या तिघांबद्दल एकाच पद्धतीने सांगितले : करा, पण लोकांना दाखवण्यासाठी करू नका. चर्चने हीच या काळाची तीन अंगे मानली.

प्रार्थना दिखाव्याच्या परीक्षेला उत्तर देते, उपास भुकेच्या, आणि दान सत्तेच्या. कारण मालकी हे सत्तेचेच रूप आहे. यातले एक गळाले की उरलेली दोन बिघडतात. प्रार्थनेवाचून उपास म्हणजे आहारनियमन. उपासावाचून दान म्हणजे उरलेसुरले काढून देणे. दानावाचून उपास म्हणजे बचत.

हे तिसरे वाक्य फार जुने आहे, फक्त शब्द माझे. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपासाची रीत सांगितली आहे : त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकातले आरिस्तिदेस सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतात की, गरिबाला द्यायला घरात जास्तीचे अन्न नसेल तर हे लोक दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याची सोय करतात. इथे उपास आधी आणि दान नंतर असा क्रमही नाही. द्यायचे होते म्हणून उपास करावा लागला.

त्याहून जुना आणि कठोर आवाज यशयाच्या ५८व्या अध्यायाचा आहे. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला, तरी देवाने पाहिले नाही. उत्तराचा आशय असा : उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, मारामारी करता. मला हवा तो उपास म्हणजे जू मोडणे, दडपलेल्यांना मोकळे करणे, भुकेल्याला आपली भाकर वाटणे, बेघराला घरात घेणे. संदेष्ट्याच्या यादीत न खाणे कुठेच नाही.

वऱ्हाडाला हा आवाज परका नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र हे गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव झाडू हातात घेऊन सांगितले. शेगावच्या संस्थानात महाप्रसादाची पंगत रोज बसते. इथल्या माणसाला धर्माची कसोटी अन्नदानाने घ्यायची सवय आहे. ख्रिस्ती उपासाचीही कसोटी तिनेच घ्यावी.

७. पालनाचे प्रकार

पौर्वात्य चर्चांत नियम कडक आहेत. मांस, दूध-दुभते, अंडी यांचा त्याग सातत्याने होतो. कॅथलिक चर्चमध्ये १९६६ सालच्या पोप सहावे पॉल यांच्या आदेशाने नियम सुटसुटीत झाले. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन उपासाचे दिवस. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण आणि दोनदा थोडे. या काळातले शुक्रवार मांसत्यागाचे. उपासाचे बंधन आज १८ वर्षे पुरी झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, मांसत्यागाचे १४ वर्षांपासून. पुरोहिताची वस्त्रे जांभळी. आलेलूयाचा घोष ईस्टरपर्यंत बंद. शुक्रवारी क्रूसाची वाट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली या काळाचे दोन पाय स्पष्ट केले : बाप्तिस्म्याचे स्मरण आणि पश्चात्ताप, आणि पश्चात्ताप आतला, एकट्याचा न राहता बाहेरचा, सामाजिकही असावा असे सांगितले.

नियम सैल झाले याचा अर्थ मागणी कमी झाली असा नाही. पूर्वी काय सोडायचे ते चर्च ठरवी. आता ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचे. हे जास्त अवघड आहे.

बुलढाण्यात जुनी प्रॉटेस्टंट परंपरा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची आहे. ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली अमेरिकेत उभ्या केलेल्या दोन संस्था १८९७ साली एक होऊन तिला हे रूप आले. अकोल्याभोवतीच्या वऱ्हाडात तिने आपली केंद्रे उभारली, त्यांत खामगाव, बुलढाणा, मलकापूर ही होती. जुन्या माणसांच्या बोलण्यातले ‘मिशन कंपाउंड’ तेच. या परंपरेत राखेचा विधी बंधनकारक नाही आणि चाळीस दिवसांचा ठरलेला नियमही नाही. त्यामागे धर्मसुधारणेचा इतिहास आहे. १५२२ साली झुरिचमध्ये मुद्रक ख्रिस्तोफ फ्रोशावर यांच्या घरी उपासकाळात मांसाचे सॉसेज खाल्ले गेले. तिथे हजर असलेले उल्रिख झ्विंग्ली यांनी मग प्रवचनातून बाजू मांडली : शास्त्रात नसलेले बंधन माणसाने माणसावर लादू नये, कोणाला उपास करायचा तर स्वेच्छेने करावा.

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. लादलेला उपास उपासमारीच्या बाजूला सरकतो. पण त्यातून उपासच नको असा निष्कर्ष झ्विंग्लींनीही काढला नाही. म्हणून प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपास-प्रार्थनेच्या सभा होतात, झावळ्यांचा रविवार पाळला जातो, गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होते. चाळिसाची चौकट सैल, पण आतला आशय तोच.

इतर व्रतांशी तुलना केली तर वैशिष्ट्य उठून दिसते. एकादशीत धान्य टाळून साबुदाण्याची उसळ, भगर, शिंगाडा घेतात. तिथे अन्नाचा प्रकार बदलतो. रोज्यात वेळ बदलतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. प्रायश्चित्तकाळात भर प्रमाणावर आहे; कमी आणि साधे. जकात रमजानमध्ये काढण्याची चाल आहे, एकादशीच्या पारण्याला अन्नदानाची जोड आहे. तिन्ही परंपरा उपासाचा हात दानाच्या हातात देतात. भुकेची आठवण माणसाला उदार करते, हे त्यांनी आपापल्या वाटेने ओळखले आहे.

८. वऱ्हाडचा दुष्काळ : उपासाची मागची बाजू

आता उपासमारीकडे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. खामगावचा कापूसबाजार इतका मोठा की, १८७० साली त्याच्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला. रोख पीक वाढले तसे मजुराचे जेवण मजुरीवर टेकले. पाऊस गेला की कापूस गेला, कापूस गेला की मजुरी गेली, मजुरी गेली की बाजारात ज्वारी दिसत असूनही ती घेता येईना. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांवरच्या अभ्यासात दाखवून दिले की, माणसे पुष्कळदा अन्न नसल्याने मरत नाहीत. अन्नावरचा हक्क हातातून गेल्याने मरतात.

१८९९ चा पाऊस फसल्यावर हेच झाले. गावे ओस पडली, पोरे पोरकी झाली. अलायन्सच्या लोकांनी अकोला-खामगावच्या पट्ट्यात अनाथ मुलामुलींना आसरा दिला. त्याआधीच्या दुष्काळात, १८९७ साली, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली गोळा करून घेऊन आल्या होत्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. अशा आश्रयात वाढलेली मुले पुढे मंडळीत आली, शिकली, शिक्षक झाली, नर्स झाली. वऱ्हाडातल्या मंडळीच्या पायात दुष्काळाचा एक दगड आहे.

यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते : भाकरीच्या बदल्यात धर्म दिला-घेतला गेला. या टीकेकडे पाठ फिरवू नये. अरण्यातली पहिली परीक्षा हीच आहे : भाकर हाताशी धरून माणसे जिंकता येतात का? येशूने तसे केले नाही. पाच हजारांना वाढून झाल्यावर लोक त्याला बळेच राजा करू पाहत होते, तेव्हा तो डोंगरावर एकटाच निघून गेला. जिथे भुकेल्याच्या ताटावर अट ठेवली गेली तिथे ख्रिस्ती शिकवणीशीच प्रतारणा झाली, असे स्पष्ट म्हणायला हवे. आणि जिथे अटीवाचून मूल वाचवले गेले तिथे त्या मुलाने पुढे कृतज्ञतेने जो विश्वास धरला त्याला विकत घेतलेला म्हणणे हा त्या माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे. दोन्ही वाक्ये एकत्र धरूनच हा इतिहास वाचावा लागतो.

या इतिहासातून उपासाला एक खास अर्थ येतो. ज्यांच्या पणजीला भाकर मिळाली नाही म्हणून ती मिशनच्या दारात आली, त्यांनी आज स्वेच्छेने भाकर बाजूला ठेवणे हे तिच्या शेजारी जाऊन बसणे आहे. उप आणि वस्. जवळ राहणे. देवाजवळ राहण्याची वाट त्या भुकेल्या मुलीजवळून जाते, आणि तिला टाळून जाणारी वाट अरण्यातच संपते.

९. आजची कसोटी

दुष्काळ गेला, पण अन्नावरचा हक्क सुटण्याची भीती गेली नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. फाल्गुन-चैत्रात कर्जाचा भरणा, उसनवारी, पोरांच्या फिया, लग्नसराई ही सगळी ओझी एकाच वेळी येतात. त्याच आठवड्यांत उपास येतो.

म्हणून इथे पालनाचा आराखडा इथल्या जीवनातूनच निघाला पाहिजे. एक : उपासाच्या दिवशी वाचलेल्या जेवणाची किंमत त्याच दिवशी वेगळी काढावी, हर्मासचा हिशेब आजही चालतो. दोन : ज्याच्याकडे मजूर आहेत त्याने सोंगणीची मजुरी संध्याकाळी हातात द्यावी; यशयाचा उपास इथून सुरू होतो. तीन : हातउसने दिलेले ज्याच्याकडून येणे शक्य नाही ते ईस्टरपूर्वी सोडून द्यावे. चार : बांधावरून, वाटणीवरून अबोला असेल तर तो चाळिसात मिटवावा, नायसियाने आधी तेच सांगितले होते. यातले काहीही करायला राख, जांभळे वस्त्र किंवा पंथाची परवानगी लागत नाही. अलायन्सच्या मंडळीतला माणूस हे करू शकतो, कॅथलिकही, आणि शेजारचा एकादशी करणाराही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली, प्रायश्चित्तकाळ ही पापाची भरपाई नसून परत फिरण्याची वाट आहे. दुसरी, त्याच्या घडणीत आरंभापासून सोबत आहे. उमेदवारांची, परतणाऱ्यांची, भुकेल्यांची. तिसरी, त्याची तीन अंगे एकमेकांवाचून जगत नाहीत, आणि ती तिन्ही जिवंत आहेत की नाहीत हे दानात कळते.

उपास आणि उपासमार हे शब्द एकाच घरातले आहेत, असे आरंभी म्हटले. एका घरातली दोन माणसे शेजारी जेवायला बसली आणि एकाने दुसऱ्याचे रिकामे ताट पाहिलेच नाही, तर त्याला घर म्हणत नाहीत. चाळीस दिवस हे त्या ताटाकडे पाहायला शिकण्यासाठी आहेत. चाळिसाव्या दिवसानंतरच्या पहाटे ईस्टरची घंटा वाजते तेव्हा उपास संपतो. पण त्या सकाळी गावात एका घरची तरी चूल आपण बाजूला ठेवलेल्या भाकरीने पेटली असेल, तरच तो पुरा झाला.